पावसात टीव्ही का जातो, आणि छत्री नीट कशी लावायची

जूनमधला पहिला जोरदार पाऊस. बातम्यांत पावसाचीच दृश्यं चालू असतात आणि नेमका त्याच वेळी पडदा काळा होतो. ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. कुणी बॉक्स बंद करून पुन्हा चालू करतं, कुणी केबल हलवून बघतं, आणि शेवटी ‘पावसाळा आहे, चालायचंच’ म्हणून सगळे उठून जातात.

हे ‘चालायचंच’ मला पटत नाही. पावसात टीव्ही जाण्याचं एक कारण निसर्गाचं आहे आणि त्याला इलाज नाही. पण ते कारण बहुतेक वेळा मोठ्या सरीपुरतं, दहा-पंधरा मिनिटांचं असतं. ज्या घरात तासन्‌तास चित्र येत नाही, तिथे छत्री, म्हणजे गच्चीवरचा डिश अँटेना, लावतानाच काहीतरी चुकलेलं असतं, आणि ती चूक उन्हाळाभर लपून बसलेली असते.

इथे मी मुख्यतः डीडी फ्री डिशच्या, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या, छत्रीबद्दल लिहितो आहे. तिला महिन्याचं भाडं नाही. म्हणूनच चित्र गेल्यावर फोन करून बोलावावा असा कंपनीचा माणूसही नसतो. घरातल्याच कुणालातरी गच्चीवर किंवा कौलांवर चढावं लागतं. त्या माणसासाठी हा लेख.

## मुंग्या गेल्या, काळा पडदा आला

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं. त्या काळी घराघरावर माशाच्या काट्यासारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा अँटेना असे. १९२६ साली जपानमध्ये यागी आणि उदा या दोघांनी मांडलेली ती रचना. तो थोडा फिरला की चित्रात मुंग्या येत. मुंग्या वाढल्या, माणसं धूसर झाली, तरी मॅच बघता येई. सिग्नल कमी पडतोय हे डोळ्यांना दिसायचं.

त्या अँटेनांना सिग्नल पुरवणारे जुने प्रक्षेपक दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने सीमाभागासारखी मोजकी ठिकाणं सोडून मार्च २०२२पर्यंत बंद करायचं ठरवलं. आता छत्रीवर जे येतं ते डिजिटल आहे, म्हणजे चित्राऐवजी आकड्यांची लांबलचक मालिका येते आणि बॉक्स त्या आकड्यांवरून चित्र पुन्हा उभं करतो.

वाण्याची वही डोळ्यांसमोर आणा. पानावर पाण्याचा थेंब पडून एखादा आकडा पुसला, तर खालच्या बेरजेवरून तो काढता येतो. बॉक्स हेच करतो. आकड्यांबरोबर पडताळणीसाठी जादा आकडे पाठवलेले असतात, त्यांच्या आधारे तो पुसलेलं भरून काढतो आणि तुम्हाला स्वच्छ चित्र दाखवतो. पण पान अर्धं भिजलं की बेरीजही कामाची राहत नाही. मग चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि क्षणात सगळं जातं.

यातून एक फसगत होते. उन्हाळ्यात चित्र लख्ख दिसतं म्हणून आपण समजतो, छत्री बरोबर लागली आहे. खरं तर बॉक्स कदाचित जेमतेम भागवत असतो. एखाद्या घरात पगार महिनाअखेरपर्यंत पुरतो, कुणाची उधारी नसते, पण गाठीला काही नसतं. असं घर बाहेरून ठीकच दिसतं. घरात दुखणं आलं की मात्र पंचाईत होते. पाऊस हे छत्रीचं दुखणं आहे. स्वच्छ हवेत गरजेपेक्षा किती जास्त सिग्नल येतो, ही छत्रीची शिल्लक. पाऊस ती शिल्लक खातो. पुढचं सगळं ही शिल्लक वाढवण्याबद्दल आहे.

## सिग्नल येतो कुठून?

फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी तो दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर तो असतो. पृथ्वी स्वतःभोवती जितक्या वेळात फिरते तितक्याच वेळात तोही तिच्याभोवती फिरतो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात शेजारीशेजारी बसलेली दोन मुलं एकमेकांना स्थिर दिसतात, तसा तो आपल्याला आकाशात एकाच जागी दिसतो. म्हणून छत्री एकदा लावली की फिरवावी लागत नाही.

त्याची जागा आहे ९३.५ अंश पूर्व रेखांश, म्हणजे अंदमानच्या खूप दक्षिणेला, सुमात्राच्या पश्चिमेला, भर समुद्रावर. महाराष्ट्रातून ती दिशा आग्नेय. फोनमधल्या होकायंत्रावर पाहिलं तर मुंबई-पुण्यात सुमारे १३१ अंश, नागपुरात सुमारे १४४, पणजीत सुमारे १२७. क्षितिजापासूनची उंची मुंबईत साधारण ५७ अंश, पुण्यात ५९, नागपुरात ६०, पणजीत ६१. होकायंत्र लोखंडी खांबापासून चार पावलं लांब धरा, नाहीतर काटा खांबाकडे ओढला जातो.

आणि ताकद? उपग्रहावरचा एकेक प्रक्षेपक साधारण शंभर-दीडशे वॉटचा असतो. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बांपैकी दोन-तीन बल्ब. तेवढी ऊर्जा सगळ्या देशावर पसरते, आणि पुण्यातल्या छत्रीपर्यंत पोचायला तिला ३६,६०० किलोमीटर कापावे लागतात. आपल्या दोन फुटी छत्रीत त्यातलं किती येत असेल याचा विचार केला की वाटतं, टीव्ही पावसात जातो याचं आश्चर्य करण्याऐवजी एरवी दिसतो याचंच करावं.

## छत्री बघते कुठे?

इथे भलेभले चुकतात. छत्रीकडे पाहिलं तर ती समोरच्या घराच्या कौलांकडे बघतेय असं वाटतं. तिची नजर खरं तर त्याहून बरीच वर असते. घरची छत्री हा पूर्ण वाडग्याच्या मधला भाग नसतो, एका मोठ्या वाडग्याचा कडेचा काप असतो. त्यामुळे सिग्नल वरून तिरका येतो आणि छत्रीवर आपटून खालच्या दांड्याकडे गोळा होतो. दांड्याच्या टोकाला जी नळकांडी असते ती एलएनबी. गोळा झालेला क्षीण सिग्नल ती वाढवते आणि केबलमधून जाऊ शकेल अशा रूपात खाली पाठवते.

म्हणून समोरची बुटकी भिंत बऱ्याचदा आड येत नाही, आणि ‘वर’ असल्यामुळे लक्षातही न आलेली नारळाची झावळी आड येते. सोपा हिशेब असा: आग्नेयेचं झाड छत्रीपेक्षा १० मीटर उंच असेल, तर त्याच्या फांद्या छत्रीपासून ६ मीटरपेक्षा लांब हव्यात. फ्लॅटच्या गॅलरीत वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो. तो छत्रीच्या दीड मीटर वर असेल, तर छत्री स्लॅबच्या कडेपासून ९० सेंटिमीटरपेक्षा आत नको. खोलीच्या आत छत्री ठेवून चालणारच नाही.

मे महिन्यात लावलेली छत्री दोन वर्षांनी बिघडते तेव्हा कित्येकदा छत्रीला काहीच झालेलं नसतं. आंबा वाढलेला असतो. ओल्या पानांची गर्दी सिग्नलला भिंतीसारखी अडवते.

## अंतर दीड सेंटिमीटरचं

साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर फार अरुंद असते. खऱ्या दिशेपासून साधारण दीड अंश ढळली की सिग्नल निम्मा होतो. दीड अंश म्हणजे छत्रीची वरची कड खालच्या कडेच्या मानाने जेमतेम दीड सेंटिमीटर मागे-पुढे होणं. आणि निम्म्या सिग्नलवरही कोरड्या दिवशी चित्र छान दिसू शकतं! बसवणारा माणूस ‘आलं, आलं’ ऐकून नट आवळतो, आणि छत्रीची सगळी शिल्लक तिथेच संपते.

म्हणून चित्र आलं की थांबायचं नाही. बॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नलच्या जोराची आणि एक क्वालिटीची. जोराच्या पट्टीकडे फार बघू नका. बाजारात गोंगाट वाढला म्हणून भाजीवाल्याचं बोलणं जास्त समजत नाही, आणि जोराची पट्टी गोंगाटही मोजते. बोलणं किती स्पष्ट येतंय ते क्वालिटी सांगते. आपल्याला तीच वाढवायची आहे.

कोरड्या, वारा नसलेल्या दिवशी हे काम करा. एक जण खाली पट्टीसमोर, एक जण वर, दोघं फोनवर. आधी खांब ओळंब्याने तपासा. खांबच कलला असेल तर पुढची सगळी मापं चुकतात. मग नट थोडे सैल करून छत्री डावी-उजवीकडे अगदी केसभर सरकवा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबा, कारण पट्टी उशिराने बदलते. क्वालिटी वाढत जाते, एका जागी सर्वांत जास्त होते आणि पुढे उतरू लागते. उतरायला लागल्याशिवाय माथा कुठे होता ते कळत नाही, म्हणून माथ्याच्या पुढे जाऊन परत या. तसंच वर-खाली. शेवटी एलएनबी तिच्या पकडीतच थोडी गोल फिरवून पाहा, तिथेही पाच-दहा टक्के सापडतात. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, कारण एकच नट एकदम आवळला की छत्री त्या बाजूला ओढली जाते.

## वारा सुटतो, मग टीव्ही जातो

चिपळूणजवळ माझ्या आत्याचं घर आहे. दर पावसाळ्यात तिचा टीव्ही जायचा. बॉक्स बदलला, एलएनबी बदलली, केबलही नवी टाकली. एकदा मी गेलो असताना तीच सहज म्हणाली, “अरे, पाऊस नंतर येतो. आधी वारा सुटतो, मग टीव्ही जातो, मग पाऊस.” इतक्या वर्षांत आम्ही कुणी तिला नीट विचारलंच नव्हतं. गच्चीवर जाऊन छत्रीचा पाइप धरला तर तो कठड्यात हलत होता. विटांमधली सिमेंटची पकड सुटली होती. पाइप दोन ठिकाणी क्लॅम्पने कठड्याला जखडला, छत्री पुन्हा लावली, आणि त्या पावसाळ्यात टीव्ही गेला तो फक्त मोठ्या सरींमध्ये, तोही थोडा वेळ. नव्या बॉक्सचे पैसे उगाच गेले होते. चित्र कधी जातं ते घरात रोज टीव्ही बघणाऱ्या माणसाला विचारा, त्यावरूनच अर्धं निदान होतं.

## मग पाऊस नेमकं काय करतो?

या सिग्नलच्या लहरी सुमारे पावणेतीन सेंटिमीटर लांबीच्या असतात. इतक्या आखूड लहरींपुढे पावसाचा टपोरा थेंब किरकोळ राहत नाही. थेंब थोडी ऊर्जा शोषतो, थोडी भलतीकडे उडवतो. केबलवाल्यांच्या मोठ्या तबकड्या बऱ्याचदा साडेसात सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी पकडतात, त्यांना पावसाचा त्रास बराच कमी होतो.

गंमत अशी की ३६,६०० किलोमीटरच्या वाटेत पाऊस फक्त शेवटचे पाच-सहा किलोमीटर भेटतो. त्याच्या वर पाण्याचे थेंब नसतात, बर्फ असतो, आणि कोरडा बर्फ या लहरींना फारसा अडवत नाही. पण तेवढी वाटही धो-धो सरीतून गेली तर पुरेशी असते. म्हणून कोकणातल्या दिवसभराच्या संततधारेत टीव्ही चालू राहतो आणि मराठवाड्यातल्या वीस मिनिटांच्या वळवात जातो. किती पडला यापेक्षा त्या क्षणी किती जोरात पडतोय, याला महत्त्व.

## “आमच्या अंगणात थेंब नाही, तरी टीव्ही का गेला?”

कारण सिग्नल डोक्यावरून सरळ खाली येत नाही. तो आग्नेयेकडून तिरका येतो. पावसाच्या उंचीवर असताना तो तुमच्या घरापासून तीनेक किलोमीटर आग्नेयेला असतो. तिकडे सर कोसळत असेल तर इकडे कोरडं असूनही चित्र जाईल. उलटंही होतं. आग्नेयेला आभाळ उघडलेलं दिसलं की इकडे पाऊस चालू असतानाच चित्र परत येतं.

## “शेजाऱ्याचा चालतो, मग माझाच कसा जातो?”

पाऊस दोघांना सारखाच, शिल्लक वेगळी. किंवा शेजारी दुसऱ्या कंपनीचा ग्राहक असेल. तिचा उपग्रह वेगळा, त्याची ताकद वेगळी, छत्रीची दिशाही वेगळी. त्याच्या छत्रीकडे बघून आपली वळवू नका.

## “मोठी छत्री लावली तर?”

फरक पडतो, आणि चांगला पडतो. साठऐवजी नव्वद सेंटिमीटरची छत्री सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. कोकणात, घाटमाथ्यावर मी तीच सुचवेन. मात्र छत्री मोठी तितकी तिची नजर आणखी अरुंद होते आणि वारा जास्त भरतो, म्हणजे खांब दुप्पट भक्कम हवा. हलक्या पाइपवर नव्वदची छत्री लावणं म्हणजे होतं तेही घालवणं.

## “बूस्टर लावला की काम होईल ना?”

बहुतेक घरांत नाही. पावसाने बोलणंच पुसट झालं असेल तर भोंगा लावून गोंगाटही वाढतो. क्वालिटी तिथेच राहते. केबल खूप लांब असेल, समजा चार मजले खाली, तरच बूस्टरचा उपयोग. त्यापेक्षा केबलचे जोड पाहा. मध्ये जोड असेल तर अखंड केबल टाका. एलएनबीला वीज याच केबलमधून जाते, त्यामुळे जोडात पाणी शिरलं की सिग्नल आणि वीज दोन्हींची वाट अडते. तांबूस-हिरवट पडलेली तार दिसली की तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर बसवा, आणि त्याआधी बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद करा. केबल एलएनबीतून थेट खाली न ओढता आधी तिला छोटा झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. केबल घरात शिरते तिथेही हेच करा.

## “छत्रीवर प्लॅस्टिक घातलं तर?”

घालू नका. सुरकुतलेली ओली पिशवी एलएनबीच्या तोंडासमोर पाण्याचा पडदाच धरते. एलएनबीची टोपी मात्र तपासा. उन्हाने ती तडकते आणि आत पाणी जातं, कधी कुंभारमाशी तोंडावर मातीचं घर बांधते. छत्रीवरच्या धुळीने काही बिघडत नाही. पोचा पडला असेल तर बिघडतं.

## “लख्ख ऊन असतानाही जातो, ते का?”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या सुमारास, काही दिवस काही मिनिटं फ्री डिश अडखळते. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा गोंगाट छत्रीत भरतो. छत्रीला हात लावू नका, ती आपोआप ठीक होते.

या दिवसांचा मला एक उपयोग फार आवडतो. त्या घटकेला सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात. म्हणून १२ मार्चच्या किंवा १ ऑक्टोबरच्या आसपास त्या वेळी गच्चीवर जा आणि छत्रीकडे पाहा. तिच्यावर पूर्ण ऊन पडलं असेल तर वाट मोकळी आहे. पानांची सावली पडली असेल तर ज्या फांदीची सावली, तीच फांदी छाटायची. कुठलंही यंत्र याहून नेमकं सांगणार नाही.

## “आता टीव्हीतच बॉक्स येणार म्हणतात, मग छत्री जाईल?”

उपग्रहाचा सिग्नल थेट घेऊ शकणाऱ्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने प्रमाणित निकष काढले आहेत. तशा टीव्हीला मोफत वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही. छत्री, एलएनबी आणि केबल मात्र लागतेच, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं तसंच राहील.

विजा चमकत असताना किंवा शेवाळलेल्या गच्चीवर हे काम करू नका, आणि छत्रीचा पाइप विजेच्या तारांपासून लांब ठेवा. वळवाचा कडकडाट सुरू झाला की बॉक्सची वायर आणि मागची केबल दोन्ही काढून ठेवा.

आत्याच्या घरी बॉक्सच्या बाजूला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर वाहिनीचं नाव, तारीख आणि त्या कोरड्या दिवशीची क्वालिटी लिहिली आहे: ८२. दर मे महिन्यात ती रिमोट घेऊन तीच वाहिनी लावते आणि आकडा ताडून बघते. यंदा ७१ आला, तेव्हा तिने पावसाआधीच मला फोन केला.